न खाल्लेला गूळ

१० फेब्रुवारी, सोमवार

दादा, तुझी छाती कशी आहे? ओटा चढताना अजून मध्येच थांबावं लागतं का? जयमाला वहिनीचे गुडघे कसे आहेत? तेल लावून देतं का कोणी? शकूचा खोकला गेला, की हरिहरेश्वरला खानावळीच्या धुरात परत उपटला? तिच्या सासूबाईंचा मोतीबिंदू काढला का? तुझी ती लंगडी कोंबडी जिवंत आहे ना? आम्ही इकडे सगळे ठीक. परेशचा ट्रेलर बंदराच्या रांगेत असतो, त्यामुळे तोही रांगेतच असतो. भावना सकाळी अंगणवाडीत जाते ती दुपारी येते. मी ठीक.

मी ठीक नाही.

आणि हे पत्रही नाही. परेशला कुठल्याशा गोदामवाल्याने दिलेली ही वही आहे, जानेवारी कोराच गेला. पण मी लिहायला बसले की हात असाच सुरू होतो, त्याला मी काय करू? अक्षरं मला दादानेच दिली. तो शाळेत चौथीपर्यंत गेला, मी मिठाच्या पाट्या वाहायला. दुपारी सगळे आडवे झाले की दादा मिठागराच्या सुकलेल्या पांढऱ्या थरावर काडीने अक्षर काढायचा. 'हा क. हा म. हा ळ. ही तू.' संध्याकाळी भरतीचं पाणी आत घेतलं की मी विरघळून जायचे. बाकीचं वाचन मी सुक्या मासळीच्या पुड्यांवर केलं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा दादा म्हणाला, 'महिन्याला एक कार्ड टाकायचं. आधी एकेकाची खुशाली विचार, मग तुझी सांग, शेवटी लवकर लिही म्हण. एवढं झालं की पत्र झालं.' पंचवीस वर्षं टाकली कार्डं. मग घरात फोन आला, मग हा हातातला आला, आणि कार्डं बंद पडली.

शनिवारी मी जे केलं ते तोंडाने कोणाला सांगवत नाही. उद्या लिहीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिते.

शनिवारी सकाळी दादा अंगणात दाढी करत बसला होता. एक कावळा आला आणि त्याच्या डोक्यावर बसला. नुसता पंख घासून गेला नाही, चांगले पाय टेकून बसला. आमच्यात हे वाईट समजतात. ज्याच्या डोक्यावर कावळा बसतो त्याचं मरण उंबऱ्याशी आलं म्हणतात. त्यावर तोडगाही तितकाच जुना. त्या माणसाच्या एका अगदी जवळच्या माणसाला खोटाच निरोप धाडायचा, की तो गेला. ऐकणाऱ्याने ते खरं समजून रडायचं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की मरणाचं तेवढ्यावर भागतं, ते माघारी जातं. मग तासाभरात खरं काय ते सांगायचं आणि रडणाऱ्याला गूळ पाठवायचा. आमच्या आजोबांच्या वेळी आई रडली होती. आजोबा पुढे अकरा वर्षं जगले आणि अकराही वर्षं तिला म्हणायचे, 'तू रडलीस म्हणून जेवतोय, वाढ अजून.'

तेव्हा एक माणूस चालत जायचा आणि एक घर रडायचं.

दादाच्या काळजाच्या नळ्या बुजल्यात. पनवेलच्या डॉक्टरने दिवाळीतच सांगितलं, आत फुगा घालून मोकळ्या करू. दादा तयार होत नव्हता. त्यात हा कावळा. वहिनी तशीच अंगणात धावली. तिने दादाला विचारलं, 'कोणाला कळवू? लेकीला, शकूला?' दादा म्हणाला, 'शकूला नको, ती तिकडून धावत येईल. कमळीला कळव.' हे वहिनीनेच मला नंतर सांगितलं.

मग तिचा मला फोन. 'वन्सं, गेले गो हे.' आणि ठेवला.

मी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी दादाचा फोटो शोधला, शकूच्या लग्नातला फेटा घातलेला. फोनमध्ये फुलांची चौकट तयार मिळते, ती लावली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि टाकलं. माहेरच्या ग्रुपवर, इकडच्या गावाच्या, मिठागर मैत्रिणींच्या, साईभक्तांच्या, बचत गटाच्या, एकूण अकरा ग्रुपवर. लगेच टुणटुण सुरू झालं. कोणी विचारलं, 'कसे गेले?' मी लिहिलं, 'झोपेतच. शांतपणे.' हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. पण असं लिहितात, म्हणून मी लिहिलं.

वहिनी दहा मिनिटांनी खरं सांगायला फोन करत राहिली आणि माझा लागेना. मी एकेकाचा फोन घेऊन उत्तरं देत होते.

पुढचं सगळं गावाला ठाऊक आहे. शकूने चाळीस भाविकांचं जेवण चुलीवर टाकून गाडी केली आणि पाच तास रडत आली, तिचा फोन धांदलीत खानावळीतच राहिला होता. जिला कळवू नको म्हणून दादाने सांगितलं होतं, तिलाच मी कळवलं. दादाच्या शेजारचा अनंता बांबू घेऊन दारात उभा. आणि नाक्यावरच्या बॅनरवाल्या भावेशने दुपारच्या आत फ्लेक्स छापून लावलासुद्धा. दादाला या फ्लेक्सचं काहीच माहीत नाही. तो आपला पाव आणायला नाक्यावर गेला, तर वर तोच, फेटा घालून. पाववाल्याच्या हातातून लादी पडली.

भावेश धावत आला. 'काका, माफ करा. आता एवढा छापलाय तर काय करू?'

दादा म्हणाला, 'राहू दे. फोटो बरा आलाय. तारीख तेवढी खोड.'

मग दादाने मला फोन केला. मी वाटच बघत होते, आता शिव्या घालेल. त्याने एकच विचारलं, 'कमळे, रडलीस का गो?'

मी म्हटलं, 'रडले.'

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अनंता आठवड्याला भाजी घेऊन उरणच्या बाजारात येतो. आज वाकडी वाट करून माझ्याकडे आला आणि दादाने दिलेला गूळ देऊन गेला. मुठीएवढा खडा, कागदात बांधून. 'मावशी, काका बोलले, तिचा हक्काचा आहे, एकटीनंच खायला सांग.' चहा न पिताच गेला. बांबू आणल्याबद्दल अजून लाजतो बिचारा. त्याने का लाजावं?

गूळ साखरेच्या डब्यामागे ठेवला.

आजपासून फोनला कुंपण घातलं. सकाळच्या चहानंतर अर्धा तास, दुपारी जेवल्यावर अर्धा तास. बाकी वेळ फोन तांदळाच्या डब्यात, झाकण लावून. सूनबाई भावना बघत होती. म्हणाली, 'आई, फोन पाण्यात पडला तर तांदळात ठेवतात.' मी म्हटलं, 'पडलाच आहे असं समज.' हसली नाही ती. हसेल असं वाटलं होतं.

अकरांतले आठ ग्रुप सोडले. माहेरचा, गावाचा आणि बचत गटाचा ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून चार वेळा तांदळाच्या डब्याकडे गेले. चौथ्यांदा भावना म्हणाली, 'आज भात जास्त लागणार आहे का?'

रोज मी साठ-पासष्ट माणसांना सुप्रभात घालायचे. फुलं, कपबशी, उगवता सूर्य. काल नाही घातलं, आज नाही घातलं. एकानेही विचारलं नाही, कमळ कुठे गेली. परेशचे वडील गेल्यापासून मला वाटायचं, एवढी माणसं आहेत माझ्याभोवती.

पण दुपारी बसून वालाच्या शेंगा सोलल्या, दोन किलो. मध्ये एकदाही उठले नाही. शेंगेतल्या अळ्यासुद्धा नीट दिसल्या. गेल्या आठवड्यात कितीजणांना अळ्या खायला घातल्या देव जाणे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मोडलं. जेवल्यावर अर्धा तास म्हणून फोन घेतला तो दिवेलागणीला ठेवला. तोही मागच्या मोरीजवळ उकिडवी बसून, भावनाला दिसू नये म्हणून. चोरून बिडी ओढणाऱ्यासारखी. उठताना पाय सुन्न.

आणि बघत काय होते? माझीच ती शनिवारची श्रद्धांजली. माहेरच्या ग्रुपवर अजून आहे ती, काढता येते म्हणतात, मी काढली नव्हती. एकशे त्रेचाळीस जणांनी हात जोडलेत. मी ते मोजले. कोणी नाही जोडले तेही बघितलं.

आता इथे तरी खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे?

मी रडले नाही.

धक्का बसला म्हणून सुचलं नाही, असं मी मनाशी घोळवून बघितलं. नाही जमलं. 'वन्सं, गेले गो हे' कानात पडलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की ही बातमी माझ्याआधी कोणी टाकायला नको. मागच्या महिन्यात शेजारच्या नीराबाईचा दीर गेला तेव्हा माझी बातमी दुसरी पडली होती. चार मिनिटांनी. ते मनात सलत होतं. माझा सख्खा भाऊ, ज्याने मला माझं नाव लिहायला शिकवलं, त्याच्या मरणाची बातमी पहिली कोणाची, एवढंच मी बघितलं. फेट्याचा फोटो निवडताना दुसरा एक होता, त्यात डोळे मिटलेले आले होते, तो मी बाजूला सारला. एवढा वेळ होता मला. एवढं नीट दिसत होतं डोळ्यांना. त्यांत पाणी असतं तर दिसलं असतं का?

पुढे रडू आलं असतं की. आलंच असतं. पण अर्ध्या तासात, वहिनीकडून खरं कळून, परेशचाच फोन आला, 'आई, काय केलंस हे? मामा जिवंत आहे.' आणि ते यायचं राहिलं ते राहिलंच.

दादाने एका माणसाला निवडलं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माहेरी जाऊन आले. दादा गुरुवारी पनवेलच्या दवाखान्यात जातोय, छातीत फुगा घालून घ्यायला. तयार झाला एकदाचा! वहिनी दारातच मला धरून म्हणाली, 'वन्सं, तुझ्यामुळं. दिवाळीपासून डोकं फोडलं मी, ऐकतील तर शपथ. आता बोलतात, कमळी माझ्यासाठी रडली, आता मला काय होत न्हाय.'

मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघितलं.

मागच्या अंगणात लाकडांवर भावेशचा तो फ्लेक्स पांघरलेला, दादाचा फेटा खाली आणि पांढरी बाजू वर. दादा म्हणाला, 'पावसाळ्यापर्यंत टिकंल. बरं झालं, ताडपत्री आणायचीच होती.' लंगडी कोंबडी त्याच्यावरच बसली होती.

आम्ही दोघं चिंचेखाली बसलो. समोर आमचं जुनं मिठागर. आता तिथे मीठ नाही, भराव टाकून डबे ठेवलेत बंदराचे, एकावर एक. दादा थकलाय. चार शब्द बोलून थांबतो.

'किती वेळ रडलीस गो?'

'बराच वेळ.'

'बराच.' हसला. 'भावनानं पाणी दिलं का तुला?'

'भावना अंगणवाडीत होती.'

'मंग एकटीच रडलीस.'

'व्हय.'

एकदा खोटं बोललं की ते पोटात नुसतं बसत नाही, खायला मागतं. मी त्याला घालत गेले. पदर भिजला म्हटलं. शेंगा तशाच राहिल्या म्हटलं. दादा ऐकत होता. मग मध्येच म्हणाला, 'कमळे, त्या मोबाईलवर जे टाकतात, त्याच्याखाली टायम पण येतो का?'

मी म्हटलं, 'येतो की, मिनिटासकट.' दादाला फोनमधलं काही कळत नाही, शकू आली होती तेव्हा तिचा बघून त्याला हौस आली असेल.

'असं व्हय,' म्हणाला. 'आणि वहिनीनं फोन केला त्याचा?'

'त्याचा पण येतो.'

'लय हुशार वस्तू हाय.' मग त्याने माझा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला, लहानपणी मिठाने चिरा पडायच्या तेव्हा बघायचा तसा. 'आता हात मऊ झाले तुझे. चिरा न्हायत. काय बोलायचंय का तुला?'

मी म्हटलं, 'नाही रे. तू नीट जाऊन ये.'

सांगितलं असतं आणि तो जायचाच थांबला असता तर? हे मी एसटीत बसून स्वतःला समजावत आले. खरं असेल हे. पण मला ते सोयीचंही किती होतं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं. दोन नळ्या मोकळ्या केल्या. चार वाजता बाहेर आणला, 'चहा मिळेल का?' म्हणाला. डॉक्टर म्हणाले अजून पंधरा दिवस थांबले असते तर कठीण होतं.

दवाखान्याच्या बाकावर मी पाच तास बसले. फोन पिशवीत होता, काढला नाही. हे चांगलं केलं म्हणून लिहीत नाही. काढायची भीती वाटत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दादा घरी आला. दवाखान्यासाठी आलेली शकू महाशिवरात्रीची गर्दी तोंडावर आली म्हणून हरिहरेश्वरला परत गेली, आणि जाता जाता माहेरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकून गेली. खाली लिहिलंय, 'माझ्या कमळआत्याच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे आज माझे बाबा घरी आहेत. अशी बहीण सगळ्यांना मिळो.' ते फिरत फिरत आमच्या गावाच्या ग्रुपवर आलं. दुपारपर्यंत दोनशेच्या वर बदाम आणि हात.

लिहायला लाज वाटते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं.

सकाळी वाचलं, बरं वाटलं, परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं आणि फोन तांदळात टाकला. झाकण नीट बसेना, दोन्ही हातांनी दाबलं.

संध्याकाळी नीराबाई आली. माझ्यासाठी अबोलीचा गजरा घेऊन. बसली, चहा घेतला, पदराला चाळा करत राहिली. मग म्हणाली, 'कमळ, एक मागू? आमच्या थोरल्याच्या गाडीपुढं काल कावळा मरून पडला. डोक्यावर न्हाय बसला, पण मनाला लागलंय. कधी काय झालंच, तर तुला कळवू का? तुझं रडणं लागू पडतं गो.'

मी म्हटलं, 'नीरे, असं काही नसतं.'

'तुझा मोठेपणा,' ती म्हणाली.

गजरा तुळशीला घातला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साखरेचा डबा काढताना गूळ भावनाच्या हाताला लागला. 'आई, मुंग्या चढल्यात याला. मामांनी दिलेला ना? खाल्ला का नाही अजून?'

मी तिला सांगितलं. सगळं. फेट्याचा फोटो, डोळे मिटलेला फोटो, नीराबाईची चार मिनिटं, झोपेतच शांतपणे. ती पोळपाट पुसत होती, ती पुसतच राहिली. मला वाटलं म्हणेल, 'जाऊ द्या आई, धक्का बसला असेल.' तिचा स्वभाव तसा आहे. मी ते ऐकायलाच सांगत होते, हे आता कळतं.

ती म्हणाली, 'माझी आई गेली तेव्हा मला कसं कळलं ठाऊक आहे तुम्हाला?'

मला वाटत होतं ठाऊक आहे. तिच्या भावाने फोन करून कळवलं होतं.

'माझ्या दादाचा मला फोन नंतर आला, आधी तुम्हाला केला त्याने. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. फोन वाजला, बघितलं तर गावाच्या ग्रुपवर तुमचा मेसेज. आईचा फोटो, फुलांची चौकट. आमच्या सुनबाईच्या मातोश्री. डाव हातात तसाच. समोर बावीस पोरं ताटं पुढं करून बसलेली. मी सगळ्यांना वाढलं आधी, मग मागं जाऊन बसले.'

तीन वर्षं झाली त्याला. तीन वर्षं ही मुलगी माझ्या हाताला चहा देते, माझ्या पायांना तेल लावते.

मी म्हटलं, 'बोलली का नाहीस?'

'तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तेव्हा मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, किती लोकांनी हात जोडले बघ. मला दाखवलंत.'

दाखवले होते. आठवतंय. मला वाटलं होतं तिला धीर येईल.

मी तिच्या हातातलं पोळपाट घेतलं आणि पोळ्या लाटायला बसले. ती भाजत होती. चार पोळ्या झाल्यावर ती म्हणाली, 'मामांना सांगा.'

'फोन करते.'

'फोन नको, आई.'

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस कच्चं लिहिलं आणि फाडलं. आज अनंता बाजारात येईल, त्याच्या हाती द्यायचं आहे. काल परेशकडून शनिवारची ती श्रद्धांजली काढून घेतली. तो म्हणाला, 'आई, एवढ्या दिवसांनी नाही निघत सगळ्यांच्या फोनमधून. तुझ्यातून गेली, त्यांच्याकडे राहिली.' ते राहणारच. फोन आता भावनाच्या कपाटात असतो. दुपारी अर्धा तास मागून घेते, शकूशी बोलते, बंदरात परेश कुठे अडकला ते बघते, परत देते. भावनाच्या समोर बसून बघते. मरणाची बातमी मी पुन्हा टाकणार नाही, कोणाचीही. जाऊन भेटेन.

दादासाठी लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मला वेगळंच काहीतरी आठवायला नको.

'दादा,

खुशाली आधी विचारायची असं तू शिकवलंस. ती मी दहा तारखेला माझ्या वहीच्या पहिल्या पानावर विचारून ठेवली आहे. ते पान फाडून सोबत ठेवते. त्यात छातीचं विचारलंय ते आता जुनं झालं, पण असू दे. खाली मी ठीक नाही असं लिहिलंय, तेही वाच.

मी रडले नव्हते. वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात मोबाईल होता आणि डोळ्यांना पाणी यायच्या आधी माझं बोट चाललं. बातमी माझी पहिली पडावी म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं, नाही. मग फोनवर आणि चिंचेखाली मी तुझ्याशी दोनदा खोटं बोलले. पदर भिजला नव्हता. शेंगा सगळ्या सोलून झाल्या होत्या.

कावळ्याचं काय ते मला कळत नाही. नळ्या डॉक्टरने मोकळ्या केल्या, मी नाही. पण तुला सगळ्या गणगोतात एकच माणूस निवडायचा होता जो तू गेलास म्हटल्यावर खरा रडेल, आणि तू मला निवडलंस. शकूलाही नाही. आता लिहिताना रडू येतंय, पण ते धरू नकोस. ते तुझ्यासाठी आहे की माझ्याच लाजेचं, माझं मलाच सांगता येत नाही.

शकूला खरं काय ते मी सांगेन, ती शिवरात्रीच्या गर्दीतून मोकळी झाली की. वहिनीला तू सांग. किंवा नको सांगूस, माझ्या तोंडून ऐकू दे. भावनाशीही मी असंच वागले होते, ते मला आत्ता कळलं. तिची माफी मागितली. ती म्हणाली, बघू. बरोबर म्हणाली.

गूळ अनंताच्या हाती परत पाठवते आहे. मुंग्या झटकल्यात. हा माझ्या हक्काचा नाही. तो तू कोंबड्यांना घाल, नाहीतर वहिनीला चहाला दे. आणि कधी वाटलं तर त्यातला एक तुकडा मोडून परत पाठव, म्हणजे मी समजेन.

फोन मात्र करू नकोस. फोनवर मी पुन्हा काहीतरी पटकन बोलून जाईन. तू कागदावर लिही. तुझा हात थरथरतो म्हणून वहिनी सांगत होती, म्हणून दोन ओळी लिही, एक लिही, शिवी लिहिलीस तरी चालेल, तुझ्या अक्षरात असू दे. पुढच्या गुरुवारी अनंता येईल तेव्हा मी नाक्यावर उभी असेन, हातात काही न घेता. तोवर थांबवत नाही रे. जमेल तितकं लवकर लिही.

तुझी कमळी'